थाळीची कड

आमच्या जेलच्या आतल्या फाटकाशी एक काळा फळा होता. साथीच्या दिवसांत रोज सकाळी नऊला मी त्यावर खडूने लिहायचे, ‘आजचे तापाचे रुग्ण: शून्य.’ सलग एकेचाळीस दिवस शून्य. बाहेर दवाखान्यांत खाट मिळत नव्हती, शेजारच्या पुरुषांच्या जेलमध्ये सात माणसं गेली होती, आणि आमच्या बायकांच्या जेलमध्ये दोनशे बारा कैदी, पाच बराकी, आणि ताप एकीलाही नाही. शून्य काढताना मी ते जरा मोठंच काढायचे. आमच्या खात्यात आकडा जुळला की माणूस निर्धास्त होतो. दिवसातून चार वेळा गिनती होते, ती जुळली की गंगेत घोडं न्हालं. तापाचा आकडाही रोज तसाच जुळत होता, मग मला आणखी काय हवं होतं?

हे मी कौतुकाने सांगत नाही. मला सांगायचं आहे आमच्या सिस्टरबद्दल. पण माझा गाढवपणा वगळून त्यांची गोष्ट सांगता येत नाही, म्हणून तो आधी सांगून टाकला.

मी त्या जेलची शिपाई. कैदी बायका माझ्या पाठीमागे मला ‘तडतड’ म्हणायच्या, हे मला ठाऊक होतं आणि त्यात खोटं काही नव्हतं. सिस्टर म्हणजे जेलच्या दवाखान्यातल्या नर्सबाई. सव्वीस वर्षांपूर्वी तीन महिन्यांच्या बदलीवर आल्या होत्या. कुणी विचारलं की म्हणायच्या, “माझे तीन महिने अजून संपायचेत.” बुटक्या, अंगाने भरलेल्या, चष्मा दोरीने गळ्यात. उजवा गुडघा चालताना कटकट वाजायचा, त्यामुळे त्या येताहेत हे अख्ख्या बराकीला आधी कळायचं. समोर कुणीही आली की पहिला प्रश्न ठरलेला, “झोप लागली का?” तक्रार नंतर. आणि सव्वीस वर्षांत त्यांनी एकाही बाईला गुन्हा विचारला नाही. नवीन असताना एकदा मी त्यांच्या कानाशी लागले, “सिस्टर, हिने काय केलंय माहितेय का?” त्या गोळ्या मोजत म्हणाल्या, “हिला खोकला झालाय एवढं माहितेय. बाकीचं कोर्टाने बघितलंय, तू कशाला दमतेस?”

साथ आली तेव्हा वरून हुकूम आला. मुलाखती बंद, म्हणजे घरच्यांनी भेटायला यायचं बंद. त्याऐवजी प्रत्येक कैद्याला आठवड्यातून एकदा ऑफिसातून पाच मिनिटं फोन. आम्ही शिपायांनी चौदा दिवस आतच राहायचं, मग चौदा दिवस घरी. सिस्टरच्या बदल्यात येणारी नर्स आलीच नाही आणि माझ्या बदल्यात येणारी आजारी पडली, त्यामुळे आम्ही दोघी आतच राहिलो. सिस्टरचे मिस्टर, निवृत्त बसड्रायव्हर, दर रविवारी धुतलेले कपडे फाटकाशी आणून द्यायचे आणि रस्त्याच्या पलीकडे उभे राहून टोपी हलवायचे. सिस्टर खिडकीतून हात हलवायच्या आणि आम्हाला म्हणायच्या, “सध्या घरी स्वयंपाक ते करतात. त्यापेक्षा जेल बरं.” रविवारी संध्याकाळी मात्र त्या फारशा बोलायच्या नाहीत.

हुकुमात आणखी एक कलम होतं. जिला ताप येईल तिला लगेच वेगळं ठेवायचं. वेगळं कुठे? आमच्या सुपरिंटेंडंट, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणायचे, त्यांनी मागच्या खोल्यांकडे बोट दाखवलं. मागच्या खोल्या म्हणजे शिक्षेच्या कोठड्या. मारामारी केली, चोरून काही आत आणलं की तिथे डांबायचं. चार कोठड्या, लोखंडी दारं, वर हातभर झरोका. दारावरची पाटी काढली आणि नवीन रंगवून लावली, ‘विलगीकरण कक्ष.’ सिस्टरनी तेव्हाच लेखी विरोध केला होता. एकदा नाही, दोनदा. मी तेव्हा म्हटलं होतं, “सिस्टर, हे काय हॉटेल आहे का?” मग रोज शून्य यायला लागलं आणि विषय तसाच पडून राहिला. झाकली मूठ सव्वा लाखाची.

सकाळी आठला बायका हातात थाळी घेऊन नाश्त्याच्या रांगेत उभ्या राहत. हौदावर थाळी विसळायची आणि यायचं. मी एकेकीच्या कपाळावर ती तापाची बंदूक रोखायची, आकडा बघायचा, वहीत लिहायचा. थंडीचे दिवस होते आणि सकाळचं ऊन थेट डोळ्यांवर यायचं. बायका थाळी कपाळाला लावून उन्हाला आडोसा करायच्या. आकडे कमी यायचे, चौऱ्याण्णव, पंच्याण्णव. मी म्हटलं, थंडी आहे, येणारच. एकेचाळीस दिवस मी हे रोज डोळ्यांनी बघत होते.

बेचाळिसाव्या दिवशी, मंगळवारी, सिस्टरनी नवीन मास्क घातला आणि तो काढून उलटसुलट करून बघितला. मास्क आमच्याच शिवणखोलीत शिवले जायचे आणि शिवायची शिंपीण. तिचं हेच नाव पडलं होतं. पन्नाशीची, कमी बोलणारी, मशीनवर बसली की तिची टीप पट्टी ठेवून मारल्यासारखी सरळ. त्या मास्कची टीप मात्र वाकडी होती. सिस्टरनी ढिगातला दुसरा उचलला, तिसरा उचलला. सगळे तसेच. “शिंपिणीची टीप वाकडी?” एवढंच म्हणाल्या आणि गुडघा वाजवत रांगेकडे आल्या.

शिंपीण माझ्यासमोरच उभी होती. बंदुकीवर आकडा पंच्याण्णव. मी वहीत लिहिणार, तेवढ्यात सिस्टर म्हणाल्या, “थांब.” त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि शिंपिणीच्या कपाळाकडे बघितलं. कपाळावर एक बारीक, वाकडी, पांढरट रेघ होती. थाळीची कड दाबून धरल्याची. मागच्या बाईच्या कपाळावर तशीच रेघ, तिच्या मागचीच्याही. सिस्टरनी शिंपिणीच्या हातातली ओली, थंडगार थाळी घेतली, स्वतःच्या कपाळाला दाबून मनात साठपर्यंत मोजलं, आणि मला म्हणाल्या, “आता मला मोज.”

चौऱ्याण्णव आला. माझ्या तोंडचं पाणी पळालं.

मी वही आपटली आणि रांगेवर तडतडलेच, “खोटारड्या कुठच्या. सगळ्यांना मारायला निघालात का?” कुणी वर बघेना. सिस्टरनी मला कोपराने बाजूला केलं, शिंपिणीला दवाखान्यात नेऊन खाटेवर बसवलं आणि तिच्या जिभेखाली काचेचा थर्मामीटर ठेवला. एकशे दोन. बोटाला लावायच्या यंत्रात ऑक्सिजन एक्क्याण्णव. “किती दिवस?” सिस्टरनी विचारलं. “चार,” शिंपीण म्हणाली. मग दम घेत घेत तिने बाकीचं सांगितलं. तिची एकच लेक, बावीस वर्षांची, मावशीकडे वाढलेली. आई जेलमध्ये आली तेव्हा ती सोळाची होती. तेव्हापासून सहा वर्षं ना भेट, ना पत्राला उत्तर. आणि आता मावशीचं पत्र आलं होतं, की येत्या गुरुवारी अकरा वाजता लेक फोनवर यायला तयार झाली आहे. मागच्या खोल्यांत गेलं की चौदा दिवस बाहेर नाही, म्हणजे फोन नाही. “ती एकदा आली आणि मी नसले, तर परत येणार नाही,” शिंपीण म्हणाली. “गुरुवारपर्यंत तेवढं ढकलायचं होतं मला.”

मी किल्ल्या घेतल्या. मलाही वाईट वाटत होतं, पण नियम तो नियम. सिस्टर उठल्या आणि म्हणाल्या, “आधी मला ने.”

“म्हणजे?”

“मला ताप आहे असं समज आणि नियमाप्रमाणे कर. कुलूप लाव. तू बाहेर बसतेस ना पहाऱ्याला, तशी बस.”

मला वाटलं, बेचाळीस दिवस आत राहून बाईंच्या डोक्यावर परिणाम झाला. पण त्यांच्याशी वाद घालणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. मी त्यांना पहिल्या कोठडीत बसवलं, दार लावलं, कुलूप लावलं आणि दहा पावलांवर पहाऱ्याच्या स्टुलावर बसले. पलीकडे पाण्याचा पंप घुर्र करत होता. वीसेक मिनिटांनी मोठ्या बाई आल्या.

“सिस्टर कुठायत?”

“आत आहेत, मॅडम.”

“आत कुठे?”

“विलगीकरणात.”

मोठ्या बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. मी घाईघाईने कुलूप उघडलं. सिस्टर ओट्यावर शांत बसल्या होत्या, मांडीवर चष्मा. “मला काही झालेलं नाही, मॅडम,” त्या म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. “मी तुला तीन हाका मारल्या. तिसरी तर घसा ताणून मारली.”

मला एकही ऐकू आली नव्हती. दहा पावलांवर, जागी, काहीही न करता बसलेली मी. सिस्टरचा आवाज खणखणीत, त्यांना दमही लागलेला नव्हता. शिंपिणीला तर दोन वाक्यं बोलायला चार श्वास लागत होते. मी किल्ल्या परत कमरेला अडकवल्या.

मोठ्या बाई वाईट नव्हत्या, पण वैतागल्या होत्या. “मग ठेवू कुठे, सिस्टर? माझ्या डोक्यावर? बराकींत पाय ठेवायला जागा नाही.”

“मुलाखतीची खोली,” सिस्टर म्हणाल्या.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा. मुलाखती बंद होऊन दीड महिना झाला होता आणि ती लांबलचक खोली कुलूप लावून पडली होती. आठ खिडक्या, चार पंखे, संडास, हात धुवायचा नळ. मध्ये जाळी, म्हणजे पळून जायची भीती नाही. आणि ऑफिसच्या बाजूच्या भिंतीत एक छोटी खिडकी, भेटीला आलेल्यांच्या चिठ्ठ्या आतबाहेर करायची.

“ती खोली फाटकाला लागून आहे,” मोठ्या बाई म्हणाल्या. “उद्या कुणी पळालं तर?”

“जिला उठून पाणी पिता येत नाही ती फाटक काय ओलांडणार, मॅडम?” हे सिस्टर बोलल्या नाहीत, मी बोलले. माझं मलाच नवल वाटलं. “मी बसते तिथे. मास्क लावून बसते.”

मोठ्या बाईंनी मला खालून वर बघितलं. मग सिस्टरना म्हणाल्या, “लेखी द्या.” सिस्टरनी खिशातून घडी घातलेले दोन कागद काढले, आधीच्या दोन अर्जांच्या प्रती. “हे दोनदा दिलंय. तिसऱ्यांदा देते. फक्त एक ओळ वाढवायचीय. आजारी बाईचा फोन बंद होणार नाही.”

“फोन ऑफिसच्या बाहेर न्यायचा नाही, असा नियम आहे.”

“फोन ऑफिसातच राहील. नुसता रिसिव्हर खिडकीतून इकडे येईल.”

मोठ्या बाई हसल्या. दीड महिन्यात मी त्यांना पहिल्यांदाच हसताना बघितलं. त्यांनी तिथेच भिंतीला कागद टेकवून सही केली.

दुपारपर्यंत खाटा लागल्या. सिस्टर पाचही बराकींत जाऊन सांगून आल्या, की ताप आला तर मागच्या खोल्यांत कुणी जाणार नाही, फोन कुणाचा बंद होणार नाही, आणि थाळीबद्दल कुणाला शिक्षा होणार नाही. कुणी हललं नाही. दुसऱ्या बराकीतली एक आजी, चौथ्यांदा आत आलेली, म्हणाली, “आधी शिंपिणीला बघू दे तिथे.” सिस्टर म्हणाल्या, “रास्त आहे.” बराकीच्या नळावरून मुलाखतीच्या खोलीच्या खिडक्या दिसायच्या. सिस्टरनी शिंपिणीची खाट मुद्दाम खिडकीशी लावली. त्या दिवशी नळावर जरा जास्तच गर्दी झाली. बायकांनी काय बघितलं? शिंपीण घोंगडी पांघरून पडलेली, आणि तडतड तिच्या तोंडाशी गरम पाण्याचा पेला धरून उभी. त्यांना बहुतेक दुसऱ्याच गोष्टीचा धक्का बसला असणार.

बुधवारी सकाळी रांगेत थाळ्या खाली होत्या. कपाळं कोरडी होती. अकरा जणी आपणहून पुढे आल्या, आणि पहिली होती ती आजी.

मी फळ्यावर लिहिलं, ‘तापाचे रुग्ण: बारा.’ मोठ्या बाई फळ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “बारा. वर काय कळवू मी?” सिस्टर फाटकाजवळच्या बाकावर बसल्या, दोन्ही पाय पसरले आणि म्हणाल्या, “बारा कळवा. मला आज झोप लागेल.” आणि खरंच, दुपारी औषधं वाटून झाल्यावर त्या तिथेच बाकावर तास-दीड तास गाढ झोपल्या. आम्ही कुणी त्यांना उठवलं नाही.

गुरुवारी अकराला फोन लावला. क्लार्कने रिसिव्हर खिडकीतून माझ्या हातात दिला. शिंपिणीला तेव्हा बोलवत नव्हतं, चार शब्दांत दम लागत होता. मी म्हटलं, “मी जेलमधून बोलतेय, शिपाई. तुझी आई इथेच आहे, पण तिला फार ताप आहे. बोलता येत नाहीये.”

मग एक कोरडा आवाज, “त्यांना किती ताप आहे?”

“एकशे दोन. आज सहावा दिवस.”

“सहा दिवस? मग आधी का नाही सांगितलं त्यांनी?”

मी सिस्टरकडे बघितलं. त्या नळाशी हात धूत होत्या. मी म्हटलं, “तुझा आजचा फोन चुकू नये म्हणून. थंड थाळी कपाळाला लावून ताप लपवायची. आणि मी रोज वहीत ताप नाही म्हणून लिहायचे.”

मला वाटलं, ठेवला फोन. घड्याळात चार मिनिटं झाली होती. मग ती म्हणाली, “उद्या मी करते. रोज अकराला. तुम्ही मला खरा आकडा सांगाल?”

“सांगेन,” मी म्हटलं. मोठ्या बाईंना न विचारता म्हटलं. नंतर विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, “आता विचारतेस?” पण नाही म्हणाल्या नाहीत.

शुक्रवारी एकशे दोन. शनिवारी एकशे तीन, आणि ऑक्सिजन शहाऐंशी. मोठ्या दवाखान्यात खाट नव्हती. डॉक्टर येऊन बघून गेले, सिलिंडर लावला, शिंपिणीला पालथं झोपवलं. सिस्टर तिच्या पाठीवर हात ठेवून बसल्या होत्या, श्वास मोजत. अकराला फोन वाजला. खोटं सांगावं असं फार वाटलं मला. एकेचाळीस दिवस खोटं लिहिताना काही वाटलं नव्हतं, कारण ते खोटं आहे हेच माहीत नव्हतं. आता माहीत होतं, आणि जीभ उचलत नव्हती. “एकशे तीन,” मी म्हटलं. “श्वास कमी पडतोय. ऑक्सिजन लावलाय.”

“त्यांच्या कानाला लावा,” ती म्हणाली.

खाटेपर्यंत वायर पुरेना. सिस्टरनी आणि मी खाट ओढून चिठ्ठ्यांच्या खिडकीखाली आणली. मी रिसिव्हर शिंपिणीच्या कानाशी धरला. पलीकडून ती काय बोलली ते मला ठाऊक नाही. दोनतीन मिनिटं बोलत होती. शिंपिणीने डोळे उघडले नाहीत, पण चादरीवरचा तिचा हात सरकत येऊन माझ्या मनगटावर पडला आणि तिथेच राहिला.

रविवारी ऑक्सिजन नव्वद झाला. सिस्टरचे मिस्टर पलीकडच्या फुटपाथवर टोपी हलवत उभे होते, आणि सिस्टर खिडकीशी जायलाच विसरल्या. मी जाऊन त्यांच्या वतीने हात हलवला. सोमवारी ताप एकशे एक. मंगळवारी शंभर, ऑक्सिजन चौऱ्याण्णव, सिलिंडर काढला. बुधवारी शिंपिणीने पेज मागितली, आणि वर मीठ कमी आहे म्हणाली. सिस्टर माझ्याकडे बघून म्हणाल्या, “चला, नावं ठेवायला लागली.” तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. मी दवाखान्यात जाऊन, दार लावून, पोटभर रडले आणि तोंड धुऊन परत आले. त्या बारांपैकी आणि पुढे आलेल्या नऊ जणींपैकी एकही गेली नाही. आमचा फळा पुन्हा शून्यावर यायला दीड महिना लागला. ज्या दिवशी आला, त्या दिवशी सिस्टर फळ्याशी थांबून मला म्हणाल्या, “थाळीचं शून्य की बिनथाळीचं?” ती जेलमध्ये म्हणच होऊन बसली. मागच्या खोल्यांवरची पाटी मी स्वतः उतरवली. सिस्टरचे ‘तीन महिने’ दोन वर्षांनी संपले. निरोपाच्या दिवशी त्यांनी रांगेतल्या एकेकीच्या कपाळाला हात लावून बघितला, शेवटी माझ्याही. पण हे सगळं नंतरचं.

त्या दुसऱ्या गुरुवारी सकाळी सिस्टरनी शिंपिणीच्या जिभेखाली काचेचा थर्मामीटर ठेवला, उजेडाकडे धरून बघितला आणि माझ्या हातात दिला. अठ्ठ्याण्णव. अकराला फोन वाजला. “त्यांना ताप किती?” पलीकडून नेहमीचा प्रश्न.

“तिलाच विचार,” मी म्हटलं आणि रिसिव्हर शिंपिणीच्या हातात दिला. ती खाटेवर बसली होती. दोन्ही हातांनी तिने तो धरला, आणि सहा वर्षांनी लेकीशी पहिला शब्द बोलली, “नाही गं. ताप नाही आता.”

पलीकडे काहीतरी बोलणं झालं. शिंपिणीचा चेहरा पडला, मग एकदम हसूही आलं. तिने रिसिव्हर माझ्याकडे परत केला. “तुमच्याकडून ऐकायचं म्हणते. माझ्यावर विश्वास नाही म्हणे.”

मी रिसिव्हर कानाला लावला आणि सांगितलं, “अठ्ठ्याण्णव. काचेच्या थर्मामीटरने. मी स्वतः बघितलाय.”

पलीकडे लेकीने सोडलेला श्वास मला ऐकू आला.

“बरं,” ती म्हणाली. “आता आईला द्या.”